बाच्या हातचा कासवांचा हौद

दिवाळी सरली की आमच्याकडे बाभळींना कापूस लागतो. खरंच लागतो. कापसानं गच्च भरलेल्या गाड्या दिग्रसच्या बाजाराकडे निघतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे काटे त्यातून चिमूट चिमूट काढून घेतात. लहानपणी आम्ही पोरी तो वेचत शाळेत जायचो. बैलगाड्या गेल्या, ट्रक आले, पण बाभळीची सवय काही सुटली नाही. परवा पुसदहून येताना खिडकीतून पांढऱ्या झालेल्या बाभळी दिसल्या आणि मी एसटीत एकटीच हसले.

हा हंगाम माझ्या अंगात भिनलेला आहे. पहाटेचा गारवा, हरभऱ्यातून चालताना पोटऱ्यांना लागणारी आंबट दंवाची आंब, चुलीतल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, कडवट धूर. आणि सकाळी आठ-नऊचं ते ऊन. आता मी यवतमाळला लेकाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीत ऊन आलं की खुर्ची ओढते, पाय लांब करते, मान उन्हाकडे करून डोळे मिटते. सून म्हणते, "आई, अगदी कासवासारख्या बसता तुम्ही." तिला वाटतं, ती थट्टा करते आहे. मी मात्र मनातल्या मनात ताठ होते. कासवानं उन्हात कसं बसावं याची जागा माझ्या बापानं बांधली होती. त्या जागेसाठी दगड मी वाहिले होते.

मी तेव्हा चौथीत होते. आम्हाला धम्म घेऊन तीन वर्षं झाली होती. घरातले जुने देव गेले होते, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती, आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्या वस्तीनं कायमचं सोडलं होतं. माझा बा, सुदाम, पूर्णवेळ गवंडी झाला होता. तरुणपणी पुलाच्या कामावर राहून तो दगड लावायला शिकला होता. चुन्यानं त्याची बोटं कायम फुटलेली असायची. जेवताना तिखट लागलं की झोंबायची, म्हणून माय त्याचं वरण वेगळं काढायची. पण त्याच बोटांनी तो दगडावरून नुसता हात फिरवून सांगायचा, याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली.

त्या वर्षी श्रावणात नानाजींची विहीर आतून ढासळली. नानाजी म्हणजे आमच्या गावातले मोठे कास्तकार. त्यांच्या विहिरीवर निम्मं गाव पाणी भरायचं. आमची वस्ती नाही. कायद्यानं सगळ्यांना सगळीकडे पाणी मोकळं झालंय, असं आमचे गुरुजी शाळेत सांगायचे. पण कायदा दिग्रसपर्यंत आला होता. पुढचे दोन कोस त्याला अजून चालायचे होते.

दसऱ्याच्या सुमारास नानाजींनी बाला बोलावलं. मोटेनं पाणी उपसून झाल्यावर बा दोराच्या पाटीत बसून खाली उतरला. तळाच्या चिखलात त्याला दोन कासवं सापडली, एक परातीएवढं आणि एक भाकरीएवढं. आमच्याकडे विहिरीत कासव सोडायची जुनी रीत. पाण्यातले किडे खाऊन ते पाणी चांगलं राखतं, असं मानतात. बानं खालून विचारलं, यांचं काय करू? नानाजी वरून म्हणाले, "फेक नाल्यात. काम झालं की नवे आणू."

नाल्याला पाणी उरलं नव्हतं आणि काठावर कुत्री फिरत होती. संध्याकाळी बा घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ओलं बारदान होतं. त्यानं ते अंगणात उघडलं. चार पाय आत, मान आत, दोन काळे दगड.

"हे काय आणलं?" माय म्हणाली.

"पाहुणे हायेत," बा म्हणाला. "पंधरा दिवस राहतीन."

फुटक्या रांजणाचा खालचा अर्धा भाग आमच्याकडे पडून होता. त्यात पाणी घालून आम्ही कासवं ठेवली, वर वळचणीची सावली. मी त्यांना थोरली आणि धाकली म्हणायला लागले. शाळेतून आले की भाजीची पानं, पावसाळी किडे, कधी भाकरीचा तुकडा. थोरली माझ्या हातातून खायची. धाकली लाजायची. माझ्या वर्गात कुणाकडे पोपट होता, कुणाकडे शेळीचं पिल्लू. कासवं फक्त माझ्याकडे होती. मी इतकी फुशारले होते की गुरुजींनी एकदा मला उभं करून विचारलं, "इंदू, पाढे पाठ आहेत की कासवंच?"

दिवाळीत धाकलीचे डोळे सुजले. आधी एक, मग दुसरा. पापण्या फुगून मिटून गेल्या. ती खाईना. हातात घेतलं तर पाय आत घ्यायचीही ताकद नव्हती, आणि पाठीला कुबट वास यायला लागला होता. मी पाणी बदललं, दुप्पट पानं टाकली, तिच्याशेजारी बसून रडले.

बाजाराच्या दिवशी जनाबाई मासोळी विकायला यायची. जन्मभर नदीवर काढलेली भोयाची म्हातारी ती. मायनं तिला रांजण दाखवला. तिनं धाकलीला उचललं, उलटं केलं, नाकाशी नेलं आणि बाकडे पाहिलं.

"कोणं ठेवलं हे सावलीत?"

बा पुढं झाला.

"अरे सुदामा, कासव काही मासोळी होय का? मासोळीले पाणी पुरते. याले पाणी पायजे, न् पाण्याभाईर कोरडं ऊन बी पायजे. पाठ खडखडीत सुकली पायजे त्याची रोज. नाई तर सडते थे. गवंडी ना तू? मंग याले बसाले धोंडा दे!"

जनाबाई निघून गेली. बानं धाकलीला उन्हात एका धोंड्यावर ठेवलं. एरवी त्याच्या कामातली चूक कुणी काढत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यानं काम बंद ठेवलं आणि मला घेऊन नदीवरच्या डोहाकडे गेला. तिथं बाराही महिने पाणी असायचं. आम्ही करंजाच्या झाडाआड बसलो. डोहात अर्जुनाचं एक झाड आडवं पडलेलं होतं. ऊन त्यावर चढलं तसं पहिलं कासव वर आलं, मग दुसरं. एका ओळीत पाच. पाय मागं ताणून, मान लांब करून, डोळे मिटून. मला वाटलं, देवळातसुद्धा माणसं इतकी शांत बसत नाहीत.

"बा, हे काय करून राह्यले?"

"चूप. पाह्य."

तो पाहत होता तसं मी कुणालाच पाहताना पाहिलं नव्हतं. झाड पाण्यात कोणत्या बाजूनं बुडालंय, उतार किती, कासव चढताना नखं कुठं रोवतं, ऊन तापल्यावर कुठल्या बाजूला सरकतं. मी खोकले तर पाचही कासवं धपाधप पाण्यात. बाला रागही आला नाही. उलट खूश होऊन म्हणाला, "पाह्यलं? बसाची जागा पाण्याले लागून पायजे. भेव वाटलं का सरळ आत." घरी येताना तो वाटेत दोनदा थांबला आणि काडीनं धुळीत रेघा मारल्या.

मायला हौदाचं सांगितलं तेव्हा तिनं हातातली लाटी परातीत आपटली.

"माणसायले प्याले पाणी नाई, न् कासवाले हौद? माह्या डोक्यावर पाण्याची गुंडी येते रोज, ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. वस्तीची विहीर माघातच तळ दाखवायची. मग नाल्याच्या रेतीत झिरा उकरून वाटी वाटीनं पाणी. बा म्हणाला, "तू भरू नको पायजे तर. पण बांधू दे. त्या जिवाले म्या आणलं, न् म्याच आंधळं केलं." माय पुन्हा भाकरीकडे वळली. तिच्या न बोलण्याचा अर्थ होकार असतो, हे आम्हाला माहीत होतं.

काळ्या जमिनीत पाण्याचं काम करणं सोपं नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेलं काहीही तडकतं. बानं काळी माती काढून टाकली, मुरूम लागेपर्यंत खाली गेला, मग वरून पुन्हा मुरूम भरून धुमसानं ठोकला. ठोक ठोक असा तो आवाज सगळ्या वस्तीत जायचा. लोक यायचे, पाहायचे, हसायचे. "सुदाम, कासवाले लगन करून देतो का?" बाही हसायचा आणि ठोकत राहायचा. विहिरीवरचा उरलेला चुना त्यानं नानाजींना विचारून आणला. मी आणि माय नाल्यातून चपटे दगड आणत होतो. हो, मायसुद्धा. सरपणाला गेली की मोळीवर एक दगड ठेवून यायची आणि न बोलता अंगणात टाकायची.

हौद दोन हात लांब आणि दीड हात रुंद. एका बाजूला गुडघाभर खोल, दुसऱ्या बाजूला घोट्याएवढा. उथळ बाजूनं एक उतरण वर चढत जायची आणि पूर्वेकडच्या रुंद, सपाट दगडावर संपायची. सकाळचं पहिलं ऊन त्याच दगडावर पडायचं. बा त्याला उन्हाची पायरी म्हणायचा. पायरीच्या मागं ओली रेती भरलेला कोपरा. अर्ध्या हौदावर पऱ्हाटीचा मांडव, दुपारच्या सावलीला. काठाचे दगड आतल्या बाजूला झुकते लावले, कासवानं चढून बाहेर पडू नये म्हणून. आणि भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, मुंगूस आणि कुत्र्यांसाठी. तळाशी पाणी काढायला एक बोळ, त्याला कापडाचा बोळा. काढलेलं पाणी मायच्या वांग्यांच्या वाफ्यात जायचं. ते पाहून तिचा राग निम्मा गेला.

बांधून झालं तरी बा कासवं सोडेना. नवा चुना पाण्यात उतरतो, ते पाणी जिवाला वाईट. हौद भरायचा, चार दिवस ठेवायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. मायची एक गुंडी पुरेना, तेव्हा शेजारच्या बायका थांबायला लागल्या. येता-जाता एकेक लोटा ओतायच्या आणि म्हणायच्या, "आमचंही पाणी हाय बाई त्याच्यात, ध्यानात ठेवजो."

पाणी बरं झालं की नाही हे बा कसं पाहायचा, ते मी कधी विसरणार नाही. ओंजळीत पाणी घ्यायचा आणि आपल्या डोळ्याला लावायचा. पहिल्या वेळी डोळा लालभडक झाला. माय ओरडली. बा डोळा पुसत म्हणाला, "आज नाई." दुसऱ्या वेळीही नाही. तोवर धाकली रांजणातच होती, पण आता उन्हात, एका धोंड्यावर. तिच्या पापण्यांची सूज उतरायला लागली होती. पौष लागता लागता एका सकाळी बानं डोळ्याला पाणी लावलं, दोन-तीनदा उघडझाप केली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आण त्यायले."

सगळी वस्ती जमली. थोरली पाण्यात गेली, तळ हुंगून आली आणि उतरणीला लागली. दोन पावलं चढली आणि घसरली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. धाकलीचं तर पुढचं नखही टिकेना. खोल बाजूला जाऊन ती दमली, एका अंगावर कलली, आणि तिचं नाक पाण्याखाली गेलं. मी किंचाळले. बा वाकायच्या आत मायनं लुगड्यासकट हौदात पाय टाकला आणि धाकलीला छातीशी धरून बाहेर काढलं.

चूक कुठं झाली ते बाला तत्काळ कळलं. उतरण त्यानं आपल्या पद्धतीनं केली होती. घोटून घोटून, आरशासारखी. गुळगुळीत काम हेच त्याचं नाव होतं. लांब लांबची माणसं त्यासाठी त्याला शोधत यायची. तो आत गेला, टाकी-हातोडा घेऊन आला आणि सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून आपलंच काम टोचायला लागला. आडव्या खाचा, बोटभर अंतरावर, वरपर्यंत. स्वतःच्या देखण्या कामावर टाकी चालवायला काय लागतं, ते मला पुढं शिक्षिका झाल्यावर कळलं. मुलाला समजत नसेल तर आपला सुरेख धडा मोडून खडबडीत करावा लागतो. दरवेळी जीवावर येतं. दरवेळी बाचा तो वाकलेला पाठीचा कणा डोळ्यांपुढं येतो.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला निघालेल्या बाया आमच्या अंगणाशी थबकल्या. पायरीवर थोरली बसली होती, पाय मागं ताणून, मान लांब करून. तिच्या शेजारी धाकली. दोघींच्या पाठी वाळून राखाडी झालेल्या. धाकलीचे डोळे मिटलेले होते, पण सुजलेले नव्हते. सुखानं मिटले होते. बा दारात चहाची बशी धरून उभा होता. चहा गार झाला तरी त्यानं तो प्यायला नाही.

आता कासव घरी पाळणं गुन्हा आहे आणि असायलाच हवा. नातवाला मी हे सगळं सांगते तेव्हा हेही सांगते. आमच्या त्या दोघींनाही पुढं बानं डोहात नेऊन सोडलं. पण ती नंतरची गोष्ट. त्या माघात अजून एक घडलं, आणि ते सांगितल्याशिवाय त्या हौदाची गोष्ट पुरी होत नाही.

नानाजी आमच्या वस्तीत आले. त्याआधी ते कधी आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. विहीर भरली होती, बांधकाम पक्कं होतं, पण पाण्यात बारीक लाल किडे झाले होते. नवं कासव मिळत नव्हतं. जनाबाईला विचारलं तर ती म्हणाली होती, सुदामकडं जा.

ते हौदाजवळ उभे राहिले. बराच वेळ पायरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सुदाम, कासवं आमच्या विहिरीची होत. एक तरी वापस दे."

बा म्हणाला, "देतो. पण नानाजी, तुमच्या विहिरीत त्याले उनात बसाची जागा नाई. पयले होती थे दगड ढासळले. दुपारचं ऊन जिथवर उतरते तिथं म्या पायरी बांधून देतो. मजुरी नको."

नानाजींनी मान हलवली. व्यवहार झाला असंच सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात माय पुढं झाली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जमिनीकडे न पाहता बोलली.

"न् थे नीट बसते का नाई, हे पाहाले कोणी तरी पायजे. आजारी पडलं तर आमालेच समजन. म्या रोज येत जाईन पाहाले." आणि पुढं म्हणाली, "विहिरीवर बाईमाणूस रिकाम्या हातानं येत नाई. गुंडी घेऊन येईन. माह्यामागं वस्तीच्या बायाही येतीन."

नानाजींचा चेहरा लाल झाला होता. ते बाकडे पाहत होते, बानं बायकोला गप्प करावं म्हणून. बा म्हणाला, "तिचं पाणी हाय या हौदात, नानाजी. तिले बोलाचा हक हाय."

नानाजी पाठ फिरवून गेले. आठ दिवस निरोप नाही. माय रोज झिऱ्यावर जात राहिली. बानं एकदाही तिला, तू कायले बोलली, असं विचारलं नाही. नवव्या दिवशी त्यांचा गडी आला आणि म्हणाला, "नानाजी म्हणते, पायरी बांधाले ये. न् बाई जे बोलली थे ठरलं."

बानं दोन दिवसांत विहिरीत पायरी बांधली. या वेळी उतरण पहिल्यापासून खडबडीत, आणि चुन्याशिवाय, नुसते दगड घट्ट बसवून. थोरलीला बारदानात घालून खाली सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माय गुंडी घेऊन निघाली. मी तिचा पदर धरून. मागं वस्तीतल्या पाच-सहा जणी. विहिरीवर गावातल्या बायका होत्या. त्या बाजूला झाल्या. दोघी-तिघी अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून निघूनच गेल्या. पुढं बरेच दिवस त्या दुसरीकडून पाणी आणायच्या. फाल्गुनात बाकीच्या विहिरी आटल्या तशा परत आल्या. त्या सकाळी मात्र विहिरीवर फक्त रहाटाचा आवाज होता. मायनं आधी वाकून पाहिलं. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं, पायरी रिकामी होती. मग तिनं दोर सोडला.

भरलेली गुंडी घेऊन आम्ही घरी आलो. बा कामावर निघाला होता. मायनं तांब्या भरून त्याच्या हातात दिला. त्या विहिरीत त्यानं दोनदा उतरून काम केलं होतं, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला होता, पण प्यायला घरचंच मडकं नेलं होतं. हक्कानं भेटन तवाच पिईन, असं तो मायला म्हणाला होता. बानं तांब्या वर धरला आणि एका दमात रिकामा केला.

"कसं लागते?" मायनं विचारलं.

बानं मिशा पुसल्या. विचार केल्यासारखं केलं.

"पाण्यासारखंच लागते व," तो म्हणाला.

मग दोघं इतके हसले, इतके हसले, की शेजारच्या बायका धावत आल्या.